लेकीच्या मागं चालायचं होतं

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मी कातडीच्या आत, उजव्या मांडीच्या पुढच्या अंगाला राहतो. मी एक म्हातारा स्नायू आहे, वय वर्षं एकाहत्तर. ज्यांच्या मांडीत माझं सगळं आयुष्य गेलं त्या सुमतीबाई मंचरच्या बाजारपेठेत, आपल्या किराणा दुकानामागच्या खोलीत राहतात. त्यांची गोष्ट तीच माझी गोष्ट. त्या बसल्या की मी बसतो, आणि त्या उठल्या तर त्यांना मीच उठवलेलं असतं.

तसा मी एकटा नाही. आम्ही चार भाऊ. वरून वेगवेगळे निघतो आणि खाली एकाच चिवट दोरीत एकत्र येतो. ती दोरी गुडघ्याच्या वाटीवरून जाते आणि नडगीच्या हाडाला घट्ट धरते. आम्ही आखडलो की गुडघा सरळ होतो आणि माणूस उभं राहतं. आम्हाला फक्त ओढता येतं, ढकलणं आम्हाला ठाऊक नाही. गुडघा वाकवायचा असला की मांडीच्या मागचे स्नायू ओढतात आणि आम्ही सैल पडतो.

माझ्या अंगात केसाएवढे बारीक लाखो तंतू आहेत. प्रत्येक तंतूत त्याहून कितीतरी बारीक धागे ओळीनं लावलेले असतात, काही जाड, काही पातळ. मेंदूकडून निरोप निघतो, पाठीच्या कण्यातून मज्जातंतूवाटे माझ्यापर्यंत येतो. तो आला की आत कॅल्शियम सुटतं आणि जाड धागे पातळ धाग्यांना धरून ओढू लागतात. ओढायचं, सोडायचं, पुढे धरायचं, पुन्हा ओढायचं. विहिरीतून पोहरा काढताना दोरावर एकापुढे एक हात पडतात ना, अगदी तसं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे घडतं, आणि तुम्ही म्हणता, "मी उठलो."

सुमतीबाईंचं माहेर मढचं. माळशेजच्या रस्त्याला त्यांच्या वडिलांचं छोटं दुकान होतं. लहानपणी त्या डोंगराच्या उतारावरून मुलींबरोबर धावत खाली यायच्या. चढताना माझी दमछाक व्हायची, पण खरा कस लागायचा तो उतरताना. उतरताना मी ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचा तोल धरून ठेवण्यासाठी ओढतही असतो. त्या उतारांनी मला घडवलं. काम पडलं की माझ्या तंतूंना बारीक इजा होते. मग तंतूंच्या कडेला निजलेल्या छोट्या पेशी जाग्या होतात, झिजलेलं भरून काढतात आणि आधीपेक्षा थोडं जास्तच विणून ठेवतात. मी मोठा झालो तो असा, रोज थोडा मोडत आणि रोज थोडा विणला जात.

लग्न होऊन त्या मंचरला आल्या. दुकानावरच्या घराला सतरा लाकडी पायऱ्या, अगदी उभ्या. त्या दिवसातून पंधरा-वीस वेळा चढायच्या. मला ते दिवस फार आवडायचे. आधी पीयूष झाला, मग रिंकू. रिंकू झोपायला फार त्रास द्यायची. सुमतीबाई जमिनीवर बसून तिला मांडीवर घ्यायच्या आणि गुडघा हलवत राहायच्या. तासच्या तास मी ते हलकं ओझं झुलवलं आहे. ती झोपली तरी त्या गुडघा थांबवत नसत.

बाविसाव्या वर्षी रिंकूनं दीक्षा घेतली. जैन साध्वी झाली. तिला नवं नाव मिळालं आणि सगळे तिला महासतीजी म्हणू लागले. साध्वी वाहनात बसत नाहीत, फोन वापरत नाहीत, घर ठेवत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने एका गावी राहतात आणि बाकीचे आठ महिने गावोगाव अनवाणी चालतात. त्या चालण्याला विहार म्हणतात. आईनं तिला नावानं हाक मारायची नाही. आईनंच तिला वंदना करायची, तीही तीनदा, गुडघे आणि कपाळ जमिनीला टेकवून. पहिल्या वेळी सुमतीबाई वंदनेला वाकल्या तेव्हा मी त्यांना बिनबोभाट खाली नेलं आणि वर आणलं. त्यांचे डोळे भरले होते. मी मात्र माझ्या कामात होतो.

महासतीजी अकरा वर्षांपूर्वी एकदाच या भागात आल्या. तेव्हा सुमतीबाई त्यांच्यामागून कळंबहून मंचरपर्यंत चालल्या. दोघींत बोलणं फारसं झालं नाही. पण घरी आल्यावर त्या नवऱ्याला, दलीचंदांना, म्हणाल्या होत्या, "अहो, तिच्या पावलावर पाऊल टाकत आले. एवढं मिळालं तरी खूप आहे."

मग तीन वर्षांपूर्वी मागच्या मोरीत साबणाच्या पाण्यावरून त्यांचा पाय सरकला आणि उजवी नडगी मोडली. घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर चढलं, आठ आठवड्यांसाठी.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत वाईट काळ. शरीर फार काटकसरी असतं. माझ्यातले जुने धागे ते रोज उसवतं आणि रोज नवे विणतं. काम थांबलं की विणणं मंदावतं, उसवणं मात्र चालूच राहतं. मी त्या अंधारात दिवसेंदिवस बारीक होत गेलो. निरोप येईनात. प्लास्टर कापलं त्या दिवशी सुमतीबाईंनी खाली पाहिलं आणि पटकन पदर ओढून मला झाकलं. "ही माझी मांडी नाहीच," त्या पुटपुटल्या.

डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता पाय चालवा." त्यांनी व्यायाम लिहून दिले. तो कागद दलीचंदांनी नीट घडी घालून औषधांच्या डब्यात ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

दलीचंद वाईट माणूस नाही. उलट त्यांच्याइतकं बायकोला जपणारा नवरा मी ऐकला नाही. त्यांनी पलंग खाली, दुकानामागच्या खोलीत आणला. उंच खुर्ची आणली. चहा हातात, जेवण हातात. खुर्ची जरा करकरली की ते गिऱ्हाईक सोडून धावत येत. "अगं, बस, बस! काय हवं ते सांग. मी आहे ना." पुण्याहून पीयूषनं चाकांची खुर्ची पाठवली. मला हाक येई ती फक्त न्हाणीघरापर्यंत जायला, तीही दोन माणसांच्या आधारानं. अशी दोन वर्षं गेली. माझ्या तंतूंच्या मधल्या जागेत चरबी येऊन बसली. स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, सुमतीबाईंसाठी मागं भिंतीला एक खुर्ची ठेवत. हळूहळू त्यांनी तिथं जाणंही सोडलं.

आणि गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर दलीचंद मोबाइल घेऊन खोलीत आले. ते वाचू लागले, "आपल्या जैन संघाच्या ग्रुपवर आलंय. महासतीजी नाशिकहून निघणार. पौषात मंचरला तीन दिवस मुक्काम, मग पेठ गावावरून पुण्याला."

सुमतीबाई म्हणाल्या, "मी वंदना कशी करणार? खुर्चीत बसून?"

"चालतं गं. आजारी माणसाला सगळं चालतं."

"मी आजारी नाही." त्या म्हणाल्या. "आणि विहाराला?"

"पीयूष गाडी आणेल. मागोमाग हळू जाऊ आपण."

त्यांचे दोन्ही हात माझ्यावर येऊन टेकले होते. किती दिवसांनी कुणीतरी माझी विचारपूस करत होतं.

दुसऱ्या दिवशी सारजाबाई दूध घेऊन आली. सारजाबाई जवळच्याच मळ्यात राहते, सुमतीबाईंच्याच वयाची, आणि बोलायला कुणाला भीत नाही. सगळं ऐकून ती दारातच बसली.

"भाभी, हाड जुळून दोन वर्सं व्हऊन गेली न्हवं? मग त्या पायाला अजून पाळण्यात का घातलंय?"

"परत पडले तर, सारजाबाई?"

"पडाल की! मी काय पडत न्हाई? परवा बांधावरनं घसरले, लई लागलं. उठले आन परत खुरपाय बसले. माझी सून ह्येच काम करती, अश्विनी. दवाखान्यात माणसांचे पाय चालते करती. सांजच्याला धाडते तिला."

अश्विनी आली. तिनं सुमतीबाईंना हात छातीशी घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. निरोप आला. किती क्षीण! जणू लांबच्या शिवारातून कुणी हाक मारतंय. माझे मोजकेच तंतू जागे झाले. सुमतीबाई खुर्चीवरून दोन बोटं उचलल्या गेल्या आणि धपकन खाली बसल्या. दलीचंद धावले.

"काका, थांबा," अश्विनी म्हणाली. "मी त्यांना पडू देणार नाही. पण तुम्ही उचलूही नका."

"संपलं हे आता," सुमतीबाई मान खाली घालून म्हणाल्या.

अश्विनीनं मांडीवर तळहात ठेवला. "काकू, परत एकदा जोर करा. हं, हे बघा, हलतंय. वय झालं म्हणून स्नायू शिकायचा थांबत नाही. जरा हळू शिकतो, एवढंच."

"पौषापर्यंत वंदना जमेल? आणि पेठेपर्यंत चालणं?"

अश्विनी खोटं बोलली नाही. "वंदना बहुतेक जमेल. पेठ नाही जमणार. थोडं अंतर जमेल. किती, ते तुमचा पायच सांगेल."

कामाला सुरुवात झाली. आधी पलंगावर पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा तिच्यावर दाबायचा. मग खुर्चीवर दोन उशा ठेवून उठायचं-बसायचं. तीन आठवडे झाले. सुमतीबाई रोज शिलाईच्या टेपनं मांडी मोजायच्या आणि रोज हिरमुसायच्या. मी सुताएवढाही वाढलो नव्हतो. पण टेपला दिसत नव्हतं ते मला कळत होतं. मेंदू माझी वाट पुन्हा शिकत होता. पूर्वी शंभर तंतूंना हाक जायची आणि दहा उठायचे. आता पन्नास उठू लागले होते, आणि एकदम. चौथ्या आठवड्यात एक उशी काढली. तरीही सुमतीबाई उठल्या.

मग पायरीवरून खाली उतरायचा व्यायाम आला. माझा जुना उतार! दोन दिवसांनी मी असा ठणकलो की सुमतीबाईंना पाय हलवता येईना. दलीचंद तेलाची वाटी घेऊन बसले आणि त्यांचा बांध फुटला.

"बंद कर हे सगळं! हा काय छळ मांडलाय? महासतीजी येऊन तीन दिवसांत जातील. पाय परत मोडला तर काय करायचं?"

सुमतीबाई आयुष्यात त्यांना उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "दोन वर्षं तुम्ही मला हलू दिलं नाही. मी खुर्चीत बसून भिंत बघितली. पोरगी सगळा मुलूख पायाखाली घालते आणि आई तिच्या मागं चार पावलं नाही टाकायची?"

दलीचंदांनी हातातली वाटी खाली ठेवली. "रिंकू गेली," ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव आलं. "पीयूष पुण्याला. त्या दिवशी मोरीत तू पडलीस, डोळे मिटलेले होते. मला वाटलं, आता या घरात मी कुणाशी बोलू? तुला हलू दिलं नाही, ते भीतीनं गं."

सुमतीबाई म्हणाल्या, "तेल नीट लावा. गुडघ्याच्या वर. तिथं दुखतंय." दलीचंद माझ्यावर तेल चोळत राहिले.

आणखी एक अडचण होती. लेक येणार म्हणून सुमतीबाईंनी एकासणं धरलं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. कुणाला सांगितलं नव्हतं. अश्विनीच्या ते लक्षात आलं. "काकू, नवे तंतू विणायला डाळ हवी, दूध हवं, शेंगदाणे हवेत. उपाशी शरीर उलट स्नायूच मोडून खातं."

"तपाशिवाय तिच्यापुढे कशी जाऊ?"

सारजाबाई दुधाचं भांडं घेऊन तिथंच उभी होती. "तुमचं तपाचं आमाला काय कळत न्हाई, भाभी. पर भुकेल्या बैलाला कुणी नांगराला जुपतं व्हय?"

सुमतीबाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. त्या दिवसापासून सूर्य मावळायच्या आत दूध आणि मुगाची डाळ सुरू झाली.

सातव्या आठवड्यात टेप बोलली. मी बोटभर भरलो होतो. जुन्या कष्टांच्या काही खुणा माझ्या तंतूंमध्ये शिल्लक राहिल्या असाव्यात, कारण मढच्या उतारावर जे शिकलो होतो ते मला नव्यानं शिकावं लागलं नाही, आठवावं लागलं. सुमतीबाई जमिनीवर बसून उठू लागल्या. बाजाराच्या टोकापर्यंत चालून येऊ लागल्या. मागून दलीचंद दहा पावलांचं अंतर ठेवून चालत, हात पाठीमागं बांधून. त्या हातांना आवरून धरण्यासाठी त्यांना किती कष्ट पडत असतील ते मी जाणतो.

पौषात महासतीजी आल्या. पांढऱ्या वस्त्रांतल्या चार साध्वी, तोंडावर मुहपत्ती, म्हणजे कापडाची पांढरी पट्टी. रिंकू एकेचाळीस वर्षांची झाली होती. पाय काटकुळे, टाचांना भेगा. सुमतीबाई पुढं गेल्या. भिंतीजवळची ती खुर्ची कुणीतरी सरकवली, पण त्यांनी हातानं नको म्हटलं.

पहिली वंदना. मी ताणला जात जात त्यांना खाली घेऊन गेलो. कपाळ टेकलं. वर आलो. दुसरी. तिसऱ्या वेळी गुडघा टेकून उठताना मी मधेच अडलो. अंग थरथरू लागलं. दलीचंद पुरुषांच्या बाजूला अर्धे उभे राहिले आणि परत बसले. महासतीजींनी हात पुढं केला नाही. पण त्यांनी श्वास रोखून धरला, आणि आई पुरती उभी राहीपर्यंत सोडला नाही. मग नेहमीचा आशीर्वाद दिला, "दया पालो."

चौथ्या दिवशी सूर्य उगवल्यावर विहार निघाला. बायपास झाल्यापासून गावातला जुना रस्ता सकाळी मोकळा असतो. सुमतीबाईंच्या पायांत पीयूषनं आणलेले कापडी बूट होते. पुढं लेक, दोन पावलं मागं आई. तिच्याही मागं सारजाबाई आणि पंधरा-वीस माणसं.

अशा चालण्यात माझे लाल तंतू राबतात. ते रक्तातला प्राणवायू घेतात, सावकाश काम करतात आणि लवकर थकत नाहीत. पण त्या दिवशी मला एक नवल वाटलं. साध्वी भरभर चालतात. बाकीच्या तिघी केव्हाच पुढं निघून गेल्या होत्या. आम्ही मात्र मागं पडत नव्हतो. माझ्या लक्षात आलं, महासतीजी हळू चालत होत्या. मागं वळून न बघता, आईच्या बुटांचा आवाज ऐकत, त्याच्या तालावर पाऊल टाकत होत्या. आवाज मंदावला की त्याही मंदावत. मी काही बोललो असतो तर एवढंच म्हणालो असतो, असंच चालू दे.

गाव मागं पडलं. उसाची शेतं आली. दोन मैल झाले असतील. माझ्यातली साखर सरत आली, आतून जळजळ सुरू झाली, गुडघा डगमगू लागला. सुमतीबाई थांबल्या. त्या स्वतःहून थांबल्या.

"महासतीजी," त्या म्हणाल्या, "माझा पाय इथवरच आहे."

महासतीजी वळल्या. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी हात जोडले आणि मांगलिक म्हटलं. निरोपाच्या वेळी ते म्हणतात. सगळं म्हणून झाल्यावरही त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि पेठेच्या दिशेनं निघाल्या, आता स्वतःच्या चालीनं. केवढी भरभर! ती चाल बघितल्यावर सुमतीबाईंना कळलं, इतका वेळ काय चाललं होतं ते.

सारजाबाई म्हणाली, "भाभी, शेटनी रिक्षा आणलीया. बसा."

"जरा थांब," सुमतीबाई म्हणाल्या. पांढरं वस्त्र वळणाआड होईपर्यंत मी त्यांना उभं धरून ठेवलं. माझ्या एकाहत्तर वर्षांत एवढं जड काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्या रोज खुर्चीतून वीसदा उठतात. कधी कंटाळा येतो, कधी दोन दिवस खाडा होतो, मग मी पुन्हा थोडा ढिला पडतो. महासतीजी पुन्हा कधी येतील ते कुणी सांगू शकत नाही. तीन वर्षांनी येतील, किंवा दहा. तोवर मला टिकायचं आहे. प्रत्येक उठण्यात मी त्या वाटेवरचं एक एक पाऊल साठवतो.

मित्रांनो, तुमच्या मांडीतही माझा एक भाऊ आहे. तो तरुण आहे, त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवू नका. उतार दिसला तर धावत खाली जा, जिना दिसला तर चढा. दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार केली तर घाबरू नका, तो वाढतोय. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून उठू बघत असेल, तर त्याला लगेच उचलायला धावू नका. जवळ जाऊन उभे राहा. वाट बघा. त्याला कुणाच्या तरी मागं चालायचं असेल.